उघड्या चोपडीवर शिकलेली भाषा

व्यापारी घरांत हिशेबाची विद्या पूर्वी शाळेपेक्षा गादीवर अधिक शिकली जात असे. मुलगा थोडा मोठा झाला की सायंकाळी पेढीवर बसे. आरंभी त्याच्या हाती मोठा व्यवहार येत नसे. पावत्या तारखेवार लावणे, कीर्दीतील रक्कम खतावणीत चढविणे, बेरीज ताडून पाहणे एवढेच काम असे. चूक झाली तरी दिवाणजी पान फाडू देत नसत. चुकीची नोंद तशीच राही आणि तिच्या पुढे दुरुस्तीची उलट नोंद पडे. दोन दिवाळ्या उलटल्या की जमाखर्च त्याच्या बोटांत उतरलेला असे. पुस्तकातून जमाखर्च शिकणे आणि चालू वहीवर जमाखर्च शिकणे यांत किती अंतर असते, हे व्यापारी समाजास वेगळे सांगावयास नको.

संगणकाची भाषा शिकतानाही नेमके हेच अंतर पडते. परंतु तिथे ते सहसा ध्यानात घेतले जात नाही. इंद्रायणीकाठच्या चिखलीचेच पाहावे. टाळगाव म्हणून ओळखले जाणारे हे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगराचा भाग आहे. गावात किराणा, कापड, हार्डवेअर यांची दुकाने आहेत, लघुउद्योगांचे गाळे आहेत. शेजारी तळवड्याचे आयटी पार्क आहे आणि थोड्या अंतरावर चाकणची औद्योगिक वसाहत. अशा परिसरातील दुकानदाराच्या घरी मुलगा किंवा मुलगी बारावी झाली की पहिला प्रश्न निघतो, तो ‘कोणता क्लास लावावा?’ हा. शुल्क भरले जाते, काही महिन्यांनी प्रमाणपत्र मिळते, ते चौकटीत बसते. मात्र त्याच मुलासमोर कोरे पान ठेवून ‘दुकानाच्या उधारीची यादी करणारा छोटा प्रोग्रॅम लिही’ असे सांगितले, तर पुष्कळदा हात थबकतो.

यात मुलाचा आळस नसतो आणि शिक्षकांचा दोषही नसतो. वर्गातील उदाहरण वर्गासाठीच घडविलेले असते. त्याचे उत्तर आधीच ठाऊक असते, आणि तास संपल्यावर तो प्रोग्रॅम कोणीही वापरत नाही. ज्या कामावर कोणाचेच काही अवलंबून नाही, त्यातील चूक मनाला बोचत नाही. आणि जी चूक बोचत नाही, ती काही शिकवीतही नाही. म्हणून प्रश्न असा उरतो की, शिकणाऱ्यास चालू पेढीची वही मिळावी कुठे? कोणतीही कंपनी आपले चालू काम नवशिक्याच्या हाती देणार नाही. स्वयंसेवकांनी उभारलेले सार्वजनिक प्रकल्प मात्र ते देतात. मराठी माणसाच्या अगदी जवळचा असा प्रकल्प म्हणजे मराठी विकिपीडिया, आणि तिथे शिकता येणारी भाषा म्हणजे लुआ.

विकिपीडियाचा आरंभ १५ जानेवारी २००१ रोजी झाला. मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी सुरू झाली. तिचे लेख वाचणारे पुष्कळ आहेत. परंतु लेखांच्या मागे जी यंत्रणा चालते, तीही मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवकांनीच उभी केली, हे थोड्यांस ठाऊक असते. आरंभीचे सॉफ्टवेअर अपुरे पडू लागले, तेव्हा माग्नुस मान्स्के या जर्मनीत जीवशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याने पीएचपी या भाषेत नवे सॉफ्टवेअर लिहिले आणि जानेवारी २००२ मध्ये ते वापरात आले. आजच्या मीडियाविकीचे मूळ तिथे आहे. त्याला ते काम कोणी पगारावर दिले नव्हते.

पुढे लेख वाढले तसे ‘साचे’ आले. साचा म्हणजे छापील बिलबुकासारखी वस्तू. रकाने एकदा आखून ठेवायचे आणि प्रत्येक पानावर फक्त मजकूर भरायचा. गावाच्या लेखात उजवीकडे दिसणारी चौकट, जिल्हा, तालुका, लोकसंख्या, पिनकोड, अशा साच्यातूनच उमटते. हळूहळू या साच्यांत अटी शिरल्या: लोकसंख्या दिली असेल तर दाखव, नसेल तर रकाना लपव, महिन्याचा अंक पाच असेल तर ‘मे’ लिही, सहा असेल तर ‘जून’. महिरपी कंसांच्या राशी पडू लागल्या. जोडकाम करणाऱ्यासही ते पुन्हा वाचता येईना, आणि मोठे लेख जुळविताना सर्व्हरचा वेळ खर्ची पडू लागला. तेव्हा साच्यांच्या मागे खरीखुरी संगणकभाषा ठेवावी असे ठरले. २०१३ च्या पूर्वार्धात विकिपीडियाच्या सर्व आवृत्त्यांवर लुआ उपलब्ध झाली. साचे लिहिणारे अनेक जण व्यवसायाने प्रोग्रॅमर नव्हते. त्यांना ही भाषा नव्याने शिकावी लागली, आणि त्यांनी ती चालू काम हाती घेऊनच शिकली. संदर्भ देण्याचे अवजड साचे स्वयंसेवकांनी लुआत नव्याने लिहिले.

लुआ ही भाषा १९९३ साली ब्राझीलमध्ये, रिओ दि जानेरो येथील कॅथलिक विद्यापीठात जन्मली. रोबेर्तो इएरुसालिम्स्की, लुइझ एन्रिके दे फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस हे तिचे तीन कर्ते. संगणक आणि सॉफ्टवेअर परदेशातून आणण्यावर ब्राझीलमध्ये अनेक वर्षे कडक निर्बंध होते; त्यामुळे लागणारी अवजारे घरीच घडविण्याची सवय तिथल्या अभियंत्यांस लागली होती. पेट्रोब्रास या तेलकंपनीच्या कामासाठी घडविलेल्या दोन छोट्या भाषांच्या अनुभवातून लुआ आकारास आली. पोर्तुगीज भाषेत ‘लुआ’ म्हणजे चंद्र. भाषा लहान, नियम थोडे, म्हणून नवशिक्यास ती पेलते.

व्यापाऱ्याच्या घरातील मुलास ती पेलण्याचे आणखी एक कारण आहे. लुआमध्ये माहिती साठविण्याची मुख्य रचना एकच, ती म्हणजे तक्ता. हा तक्ता खतावणीसारखा असतो. नाव सांगितले की त्या नावाचे खाते उघडते. महिन्यांची नावे एकाखाली एक लिहून ठेवली की पाचवे कोणते, असे विचारताच ‘मे’ हे उत्तर मिळते. बारा अटींचे जुने जंजाळ एका ओळीत संपते. अनेक संगणकभाषा मोजणी शून्यापासून करतात. लुआ दुकानदाराप्रमाणे एकापासून करते. आणखी एक नियम ध्यानात ठेवावा लागतो. नावापुढे ‘लोकल’ हा शब्द लिहिला नाही, तर ती किंमत त्या कामापुरती न राहता सर्वत्र पसरते. घरखर्चाची रक्कम पेढीच्या खाती पडली म्हणजे जो घोळ होतो, तोच इथेही होतो.

आता समजा, चिखलीतील एका किराणा दुकानदाराची मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहे आणि तिने हे काम हाती घेतले. मराठी विकिपीडियावर ‘धूळपाटी’ नावाची जागा असते. पूर्वी मुले पाटीवर धूळ पसरून अक्षरे गिरवीत, त्यावरून हे नाव आले. तिथे काहीही लिहून पाहावे, पुसावे; कोणत्याही लेखास धक्का लागत नाही. लुआचा मजकूर ‘विभाग’ या नावाखाली असतो. आधी तिथला एखादा छोटा विभाग वाचावा, त्याची प्रत आपल्या धूळपाटीवर आणावी, एक ओळ बदलून काय होते ते पाहावे.

पहिला धडा तिला तिच्या गावाच्या नावातच मिळेल. लुआला ‘चिखली’ या शब्दाची लांबी विचारली, तर उत्तर येते पंधरा. संगणक या शब्दाच्या पाच खुणा मानतो: च, ऱ्हस्व वेलांटी, ख, ल आणि दीर्घ वेलांटी. आणि प्रत्येक देवनागरी खूण साठविण्यास तीन बाइट लागतात. मूळ लुआ बाइट मोजते, म्हणून पंधरा. विकिपीडियाने पुरविलेले वेगळे फंक्शन वापरले की उत्तर येते पाच. वाचणाऱ्याच्या डोळ्यास मात्र तीनच अक्षरे दिसतात: चि, ख, ली. एकाच शब्दाची तीन मापे, आणि तिन्ही आपापल्या जागी खरी. कोणते माप कुठे लावायचे, हे ज्यास कळले त्यास देवनागरी मजकुराशी काम करण्याची पहिली किल्ली मिळाली. इंग्रजी शब्दांवर आधारलेल्या उदाहरणांत हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही.

दुसरा धडा आकड्यांचा. साच्यात कोणी ‘२५’ असे देवनागरीत लिहिले आणि लुआला त्याची संख्या करावयास सांगितली, तर ती काहीच देत नाही; तिच्या लेखी ते आकडे नसून नुसती चिन्हे असतात. म्हणून दहा ओळींचा एक तक्ता करावा लागतो. देवनागरी अंक डावीकडे, त्याचा इंग्रजी अंक उजवीकडे. गणित झाल्यावर उत्तर पुन्हा देवनागरीत आणावयाचे. काम साधे आहे. पण ते विसरले गेले तर लेखात लोकसंख्येच्या जागी लाल अक्षरांत त्रुटीची सूचना झळकते.

तिसरा धडा सर्वांत मोलाचा. इंग्रजी विकिपीडियावरील विभाग तसाच्या तसा उचलला, तर तो दोन शब्द शेजारी ठेवून वाक्य जुळवितो. मराठीत ते चालत नाही. ‘चिखली’चे ‘चिखलीतील’ होते, परंतु ‘पुणे’चे ‘पुण्यातील’ होते आणि ‘जिल्हा’चे ‘जिल्ह्यातील’. हे सामान्यरूप यंत्रास ठाऊक नसते. ते त्याला कोणीतरी शिकवावे लागते, आणि शिकविणाऱ्यास लुआ व मराठी दोन्ही याव्या लागतात. परदेशातील कितीही निष्णात प्रोग्रॅमर असला तरी ‘पुणेमधील’ कानास का खटकते, हे त्यास कळणार नाही. चिखलीतील मुलीस ते विचार न करता कळते. घरी बोलली जाणारी भाषा ही नोकरीच्या बाजारात अडचण ठरते, असा समज अनेक कुटुंबांत रुजला आहे. इथे तीच भाषा तिचे भांडवल ठरते.

धूळपाटीवर काम नीट चालले, की ते चाचणीच्या पानावर तपासावयाचे: आकडा दिला तर काय, न दिला तर काय, देवनागरीत दिला तर काय, चुकून अक्षर दिले तर काय. मग ‘चावडी’वर किंवा त्या विभागाच्या चर्चापानावर प्रस्ताव मांडावयाचा. पुष्कळ पानांवर वापरले जाणारे साचे सुरक्षित केलेले असतात. ते प्रचालकच बदलू शकतात. याला कारण आहे. एका साच्यातील एक चूक एकाच वेळी हजारो लेखांत उमटू शकते. शिवाय एका पानासाठी लुआला दहा सेकंदांचीच मुभा असते. सैल लिहिलेला प्रोग्रॅम त्या मर्यादेवर आपटतो. पाहणारे अनोळखी असतात. त्यांना मुलीचे आडनाव ठाऊक नसते आणि दुकानाची पतही. ते फक्त काम पाहतात आणि हरकत घेतात. काही वेळा ती हरकत कोरड्या शब्दांत येते. ‘हे असे का केले?’ या प्रश्नास उत्तर देता आले, तरच काम पुढे सरकते.

इथे जुन्या पेढीची आठवण व्हावी असे एक साम्य आहे. विकिपीडियाच्या प्रत्येक पानास ‘इतिहास’ असतो. कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या मिनिटास काय बदलले, ते सारे तिथे नोंदलेले राहते. चुकीचा बदल उलटविला, तरी जुनी नोंद पुसली जात नाही. उलटविल्याची नवी नोंद तिच्यावर चढते. ही रोजकीर्दच होय, फक्त ती सर्वांसाठी उघडी असते. नवशिक्यास प्रथम याची भीती वाटते, आणि मग हीच गोष्ट त्यास घडविते. सहा महिन्यांपूर्वी आपण काय चुकलो होतो आणि ते कसे सुधारले, हे त्यास तारखेसह पाहता येते. प्रमाणपत्रावर एवढी माहिती मावत नाही. उद्या नोकरी देणाऱ्याने विचारले, तर ‘सदस्याचे योगदान’ हे पान उघडून दाखविता येते.

तरीही व्यवहारी घरात एक प्रश्न उठणारच: हे सारे फुकट का करावे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर भावनेच्या भरात देऊ नये. लुआ आली म्हणून चाकणच्या कारखान्यात दुसऱ्या दिवशी नोकरी मिळेल, असे नाही. खेळांत, छायाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये, नेटवर्क तपासणाऱ्या अवजारांत ती वापरली जाते. परंतु नोकरीच्या बाजारात पायथन, जावा, जावास्क्रिप्ट यांना मागणी अधिक आहे. लाभ होतो तो वेगळा. एक भाषा खऱ्या कामावर शिकलेल्यास दुसरी शिकण्यास थोडा वेळ पुरतो. कारण अट, फेरा, तक्ता, फंक्शन, चाचणी या गोष्टी सगळीकडे त्याच असतात, केवळ लिहिण्याची रीत बदलते. ‘पी हळद आणि हो गोरी’ असा हा मार्ग नव्हे. आठवड्यास तीन-चार तास दिले, तर फळ दिसण्यास पाच-सहा महिने लागतात. मराठी विकिपीडियावर तांत्रिक काम पाहणारे थोडे आहेत. प्रश्नास उत्तर येण्यास कधी कित्येक दिवस लागतात. धीर नसणाऱ्याने आधीच विचार करावा.

जे घेतले ते परत देण्याची रीत या परिसरास नवी नाही. चाकणचे संताजी जगनाडे हे तेलाच्या व्यवसायातील गृहस्थ. तुकाराम महाराजांच्या चौदा टाळकऱ्यांत त्यांची गणना होते आणि त्यांनी महाराजांचे अभंग लिहून ठेवले, असे परंपरा सांगते. हिशेबासाठी लिहिण्यास शिकलेला हात लोकांच्या ठेव्यासाठी चालला. पाटण आणि जैसलमेर येथील ज्ञानभांडारांतील कित्येक हस्तलिखिते श्रावकांनी द्रव्य देऊन नकलून घेतली, तीही याच समजुतीने. नक्कल करणारा लेखनिक त्या निमित्ताने ग्रंथ शिकत असे, आणि ग्रंथ पुढच्या पिढीस मिळत असे. देणे आणि शिकणे या दोन गोष्टी तिथे वेगळ्या काढता येत नाहीत.

मात्र व्यापारी कुटुंबाने इथे एक पथ्य कसोशीने पाळावे. मुलीस साचे जमू लागले, की घरातून सहज सूचना येते: ‘मग आपल्या फर्मचाही एक लेख टाक की!’ हे करू नये. विकिपीडिया हा विश्वकोश आहे. तिथे जाहिरातीस स्थान नाही, आणि स्वतःच्या व्यवसायाविषयी लिहिणे हितसंबंधांत मोडते. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने ते उघड करावे, ही अट २०१४ पासून वापराच्या नियमांतच आहे. असा लेख सहसा लवकर काढला जातो. इतिहासाची नोंद मात्र मागे राहते, आणि मुलीने महिनोन्महिने कमावलेली पत एका दिवसात जाते. काट्यावर अंगठा न ठेवण्याचे जे व्रत दुकानात पाळले जाते, तेच इथेही पाळावयाचे आहे.

आणखी दोन पथ्ये आहेत. विकिपीडियावर लिहिलेले सारे जगास दिसते आणि कायम राहते. म्हणून मुलांनी सदस्यनावात पूर्ण नाव, जन्मसाल, दूरध्वनी क्रमांक घालू नये. टोपणनावाने काम करणे तिथे पूर्णपणे मान्य आहे. आणि सध्या यंत्राकडून तयार प्रोग्रॅम लिहून घेणे सोपे झाले आहे. परंतु ज्या ओळीचा अर्थ स्वतःस सांगता येत नाही, ती ओळ सार्वजनिक साच्यात ठेवू नये. दुसऱ्याने केलेल्या बेरजेखाली न तपासता सही करणाऱ्यास पेढीवर कोणी शहाणे म्हणत नसे.

घरच्या वडीलधाऱ्यांनी काय करावे, हाही प्रश्न आहे. त्यांना लुआ येण्याची गरज नाही. महिन्यातून एकदा मुलास किंवा मुलीस समोर बसवून तीन गोष्टी विचाराव्यात: या महिन्यात कोणती चूक दुरुस्त केली? ती कोणी दाखवून दिली? आणि ती दुरुस्ती आता किती पानांवर चालते आहे? उत्तरे नेमकी आली, तर शिक्षण चालू आहे असे समजावे. उत्तरे मोघम आली, तर पुन्हा धूळपाटीवर जाण्याची वेळ आली आहे. भाषेचा पाया कच्चा वाटत असेल, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात पायथन, सी, जावा इत्यादी भाषांचे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात. पुढे हात बसला, की ‘गूगल समर ऑफ कोड’सारखे उपक्रम आहेत. २००५ पासून चालत आलेल्या या उपक्रमात मुक्त प्रकल्पांवरील कामासाठी मानधन मिळते, आणि विकिपीडिया चालविणारी विकिमीडिया संस्थाही त्यात अनेक वर्षे सहभागी होत आली आहे.

आरंभासाठी मोठी तयारी लागत नाही. एखाद्या रविवारी दुकान बंद झाल्यावर मुलांनी मराठी विकिपीडियावर ओळखीच्या गावाचा लेख उघडावा. ‘इतिहास’ वाचावा. मग ‘संपादन’ दाबून त्या पानामागचा साचा पाहावा. चौकटीतील एखादा रकाना रिकामा असेल, एखादा आकडा इंग्रजीत राहिला असेल, एखाद्या ठिकाणी ‘जिल्हामधील’ असे चुकीचे रूप छापले गेले असेल. ते का घडले, हे शोधू लागणे म्हणजेच नव्या भाषेचा पहिला तास होय. त्या तासास शुल्क नाही. पण तो कोणी दुसरा भरून देऊ शकत नाही.